तांदळासारखे कण

सूक्ष्म कणांनी आपणहून ओळीत लागावं, म्हणून शाल्मली पीएचडीसाठी प्रयोगशाळेत तीन वर्षं खपत होती. या खेपेला तर कणही गोल न होता तांदळासारखे लांबट झाले. "पुरे, विषय बंद करू," तिचे मार्गदर्शक खैरमोडे सर म्हणाले नि वर्गावर गेले.

ती रडकुंडीला आली. तरीही सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबावरून तिची नजर हलेना. पाणी आटत गेलं, कणांची दाटी वाढली. एकमेकांना ढकलता ढकलता ते वळू लागले आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून शिस्तीत उभे राहिले. गोल कणांनी हे कधीच केलं नव्हतं.

ती धावत वर्गाच्या दारात गेली. "सर, लवकर चला!"

सर बराच वेळ भिंगावर वाकून होते. "काय केलंस तू?"

"काहीच नाही. लांबट आकारानंच केलं."

"मग प्रबंधाचं नाव बदल," सर म्हणाले, आणि तिला हसू आवरेना.