आजोबांची पक्ष्यांची वही

"हा कोण, आजोबा?" स्वरदानं भीत भीत कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. दर रविवारी धरायची तसाच.

"हळदीकुंकू बदक. चोचीचं टोक बघ, पिवळं."

हुश्श! तिनं पुढचा फोटो आणला. शेकाट्या. बरोबर. राखी बगळा. तोही बरोबर. फक्त आवाज अगदी बारीक. एके काळी आजोबा मास्तर होते, ते ओरडले की अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. आता शेजारी बसूनही कान द्यावा लागे. विसरण्याचं दुखणं आवाजातही उतरलं की काय, ही तिला नवी धास्ती.

नाशिकहून गाडी काढून ती त्यांना सायखेड्याच्या पुढे, गोदावरीकाठी आणायची ती याचसाठी. डॉक्टर काही का म्हणेनात, पक्षी आठवतात तोवर आजोबा आपले आहेत. माणसांचं विचारायची सोय नव्हती. गेल्या महिन्यात त्यांनी पोटच्या लेकाला, तिच्या बाबांना, "आपण कोणाकडे आलात?" म्हणून विचारलं होतं. तिलाही दिवाळीपासून नावानं हाक नव्हती. 'अगं' आणि 'बाळ' यांवर भागत होतं. विचारून बघायची तिची छाती होत नव्हती. म्हणून कॅमेऱ्यात फक्त पक्षी.

बटण एकदा जास्त दाबलं गेलं. पडद्यावर स्वतः स्वरदा! अरे देवा! मागच्या रविवारी इथं दुर्बिणीतून पक्षी दाखवणाऱ्या गोटीरामनं "ताई, तुमचा बी एक काढतो" म्हणत हौसेनं काढलेला. पुसायला तीच विसरली होती.

तिनं कॅमेरा मागे ओढला. आजोबांनी तिचं मनगट धरलं. बराच वेळ ते बघत राहिले. ती सात वर्षांची असताना त्यांनीच शिकवलं होतं, नाव येत नसेल तर ठोकून द्यायचं नाही. खुणा लिहून ठेवायच्या आणि पक्षी परत यायची वाट बघायची.

"ही तूच की," ते हळूच म्हणाले. "नाव नाही येत. पण नोंद आहे."

झालं! तिला जे ऐकायचं नव्हतं, तेच ऐकावं लागलं. त्यांनी खिशातली पक्ष्यांच्या नोंदींची वही काढली, पान शोधलं आणि वही तिच्या हातात दिली. अक्षर त्यांचंच, जरा हललेलं.

'मुलगी. चष्मा. डावखुरी. दर रविवारी येते. नाव कळले नाही. मला फार घाबरते. आवाज बारीक ठेवावा, उडून जायला नको.'