मागणी नसलेली वस्ती

"नवं तंत्रज्ञान धोरण ठरतंय, एकही वस्ती सुटता कामा नये," असं वरून पत्र आलं आणि डोंगरावरच्या वस्तीतली नर्स हुरळून गेली. दोन आठवडे ती कुणाकडे फोन आहे ते फॉर्मवर लिहीत, खाली अंगठे घेत घरोघर फिरली. एक जण तर अजिजीने म्हणाला, "सिस्टर, फोन आहे असं लिहा हो, नाहीतर आमची लाज जायची." तिने त्याला दटावलं, "नाही ते नाहीच लिहायचं. त्याशिवाय वरच्यांना आपली गरज कळणार कशी?" शंभर घरांत तीन फोन निघाले, तेही टेकाडावर चढल्याशिवाय न लागणारे.

वर्षभराने धोरण जाहीर झालं. नव्या मोबाईल टॉवरच्या यादीत वस्ती दिसेना, म्हणून ती तडक शहरातल्या कार्यालयात गेली. साहेब भला माणूस होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि संगणकावर तिचेच आकडे काढून दाखवले.

"सिस्टर, इतकी चोख माहिती दुसऱ्या कुणीच दिली नव्हती. पण शंभर घरांत तीनच फोन, म्हणजे तिथे मागणीच नाही. टॉवर उभारायचा तरी कुणासाठी?"

ती परतली तेव्हा वस्तीच्या तोंडाशी एक म्हातारी वाट पाहत बसली होती. गेल्या पावसाळ्यात तिची सून बाळंतपणात अडली होती आणि फोन न लागल्याने गाडी बोलावता आली नाही म्हणून दगावली होती. नर्सने घडलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे पोरी," म्हातारी हळूच म्हणाली, "आम्हाला गरज नाही, असं आम्हीच अंगठा उठवून लिहून दिलं?"