तंग

"घोडा उधळला म्हणता? खोटारडे आहात तुम्ही. घोडा उधळला नाही, तुम्ही घातलात."

जीनगराने हे पलटणीच्या साहेबाला तोंडावर सुनावलं, तेव्हा कटाईच्या टेबलावर त्याचा धाकटा भाऊ मरून पडला होता. छातीवर टापेची खूण. रक्त टेबलाच्या कडेवरून कातड्याच्या चिंध्यांवर ठिबकत होतं. फाटकात भावासोबत धरणं धरून बसलेले कामगार पांगले होते. चपला तेवढ्या मागे राहिल्या होत्या.

"खोगीर सरकलं आणि घोडा बिथरला," साहेब म्हणाला. "खोगीर तुमच्याच कारखान्याचं. तेव्हा जपून बोला."

कारखान्याचा शेठ मध्ये पडला. "अरे बाबा, जाऊ दे. सगळ्या पलटणीची खोगिरं आपल्याकडे यायचीत. आणि ही बाहेरून आलेली खोगीरभरती, कशाला आडवी..." त्याने जीभ चावली. जीनगरही बाहेरूनच आलेला होता, एक आरी घेऊन. आता फाटकावरच्या पाटीवर शेठच्या खाली त्याचं नाव होतं.

"खोगीर सरकणारच नव्हतं," जीनगर म्हणाला. "तंग मी आवळला होता."

सकाळी साहेबाचा घोडा फाटकाशी उभा होता. खोगिराचा तंग, पोटाखालचा पट्टा, ढिला. जीनगराला राहवलं नाही. ढिला तंग दिसला की त्याचे हात शिवशिवायचे, मग खोगिरावर कोण बसणार हे बघायची शुद्ध कुठली! घोड्याची जात लबाड. आवळायला गेलं की पोट फुगवते. त्याने घोड्याच्या कुशीला गुडघा लावला, श्वास सुटायची वाट पाहिली आणि सुटताच पट्टा दोन भोकं पुढे ओढला. "वा उस्ताद!" साहेबाने शाबासकीही दिली.

तंग ढिला राहिला असता, तर साहेब पहिल्याच वळणावर तोंडघशी पडला असता. पडला नाही. भावाच्या अंगावरून गेला, घोडा वळवून पुन्हा अंगावरून गेला.

"उधळलेला घोडा लांब पळतो, साहेब. तुडवलेल्याला पुन्हा तुडवायला माघारी येत नाही."

साहेब हसला. "मग आवळणारा तूही भागीदारच की!"

"आहेच."

खुंटीवर नवे तंग लटकत होते. जीनगराने एक ओढला, साहेबाच्या गळ्यात टाकला, बकलातून घेतला आणि पाठीत गुडघा घालून त्याला टेबलावर पालथा केला. साहेबाचं नाक भावाच्या रक्तात आपटलं, मोडलं.

"सोड! मरेल तो!" शेठ किंचाळला. "धंदा बुडेल रे!"

साहेबाने श्वास कोंडला. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. जीनगराने घाई केली नाही. पट्टा हातावर गुंडाळला आणि वाट पाहत राहिला.

"फुगवा. सगळेच फुगवतात," तो साहेबाच्या कानाशी म्हणाला. "तोंड उघडाल तेव्हा ओढतो. आता सांगा. उधळला की घातला?"