झाकणातली तारीख

गुप्तहेरानं धंदा बंद करून नऊ वर्षं झाली होती. घड्याळजी मित्राची मुलगी दारात दिसली आणि त्याला तेलकट वासाचं दुकान, दुपारच्या गप्पा, मित्राचं गडगडाटी हसू, सगळं आठवलं. त्याच मित्राच्या खुनाचा छडा मात्र त्याला लावता आला नव्हता. दुकान आता मुलगीच चालवायची. तिनं एक घड्याळ उघडून पुढे धरलं. "हे वाचा." दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणात तिचे वडील तारीख कोरायचे. ही तारीख खुनाच्या दिवसाची होती. हे घड्याळ त्याच दिवशी दुकानातून चोरीला गेलेलं. "कुणी दिलं?" "धाकट्या काकांनी. दुरुस्तीला." दोघं तडक त्यांच्याकडे गेले. दार उघडताच काकांनी तिच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "ही झाकण उघडून बघणार, ठाऊक होतं. म्हणूनच दिलं. दादाला मीच मारलं." पूर्वी प्रकरण उलगडलं की गुप्तहेर आधी मित्राला जाऊन सांगायचा. आज पाय कुठे वळवावेत, ते कळेना.