चौथं चाक

नवरा गेल्यावर त्यांच्या फियाटची चार जुनी अलॉय चाकं विकायला कुमुदकाकी भायखळ्याला निमेशच्या दुकानात आल्या. त्याने एकेक चाक उलटं करून मागची अक्षरं वाचली.

"काकी, तीन अस्सल इटालियन आहेत, चांगला भाव येईल. चौथं मात्र नक्कल आहे."

"असं कसं? गाडी शिकताना मी एक चाक फुटपाथला आपटून फोडलं, तेव्हा ह्यांनी दुसरं आणलं. म्हणाले, बघ, हुबेहूब मिळालं, आता रडू नकोस."

"पण हे बघा, मागचं नाव कुणीतरी कानशीने घासून काढलंय."

काकींनी त्या जागेवरून बोट फिरवलं.

"तो अख्खा रविवार हे गॅलरीत कानस घेऊन बसले होते," त्या हळूच म्हणाल्या. "तीन तू घे. हे मी घरी नेते."