शेवटच्या पानावरचे आभार

"पहिलं नाव तुझंच," सर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

इतक्या वर्षांत सरांच्या केबिनमध्ये तिला चहा सोडाच, बसायला खुर्चीही धड मिळाली नव्हती. खुर्च्यांवर कायम सरांची स्मृतिचिन्हं नाहीतर परिषदांतून आणलेल्या पिशव्या. आज एक खुर्ची तिच्यासाठी रिकामी केली होती. दुसरीत संस्थेच्या संचालकबाई चष्मा हातात धरून बसल्या होत्या.

ज्या संशोधनाच्या पेपरबद्दल सर बोलत होते, त्यानेच त्यांना मोठं केलं होतं. यकृताच्या कर्करोगाच्या पेशींवर एक नवं औषध चालतं, असं त्यात दाखवलं होतं. दोन हजारांवर पेपरांनी त्याचा हवाला दिला होता. देशोदेशीच्या प्रयोगशाळा त्या पेशी सरांकडून मागवून घेत, सरांना भाषणाला बोलावत, शाली पांघरत. काम मात्र सगळं तिचं. सुट्टीच्या दिवशीही येऊन पेशींचं खाणंपिणं, बाटल्या बदलणं तिनेच केलेलं. आणि पेपर छापून आला तेव्हा लेखकांत सर होते, सरांचे मित्र होते, सरांचा जावईही होता, ज्याने त्या बाटल्या लांबूनसुद्धा पाहिल्या नव्हत्या. ती नव्हती.

तिचा गुन्हा एवढाच, की ती गप्प बसली नाही. पेशी फार भराभर वाढत होत्या. यकृताच्या पेशींना एवढी घाई नसते. शेजारच्या टेबलावर दुसऱ्याच एका कर्करोगाच्या पेशी वाढवत असत, महादांडग्या. त्यांचा एक थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत पडला, तरी त्या मूळच्या पेशींना हुसकावून अख्खी बाटली बळकावतात. बाहेरून पाहून कळतही नाही. "सर, एकदा तपासणीला पाठवू या," हे तिचं टुमणं चालूच राहिलं. तपासणीत महिने गेले असते. सरांना दम नव्हता.

"तुला शंकाच फार," शेवटी सर वैतागून म्हणाले. "तू लेखकांत नको. तू आपली आभारांत जा."

सरांच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. आभाराचं वाक्य ज्याचं त्याने लिहून द्यायचं. दुसऱ्याचे आभार मानायलाही सरांना सवड नसे. आलेली वाक्यं ते न वाचताच पेपरच्या शेवटी चिकटवून देत. तिनेही रागाच्या भरात एक ओळ लिहून दिली. पुढे छापील पेपर तिने घरी नेला, तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून ती ओळ वाचली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"अगदी आत्यावर गेलीयस," ते म्हणाले. "तीसुद्धा भांडायची ती हात जोडूनच."

तिला त्या हसण्याचाही संताप आला होता. मुलीचं नाव कुठल्या कुठे फेकलं गेलं आणि हे हसतायत!

"उशिरा का होईना, तुझ्यावरचा अन्याय मला दूर करायचाय," सर आता म्हणत होते. "दुरुस्ती छापून आणू. पहिली लेखिका तू. फक्त इथे सही कर."

उशिरा! तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी आज स्वतःच्या प्रयोगशाळा चालवत होत्या, आणि ती अजून दर वर्षी नोकरीची मुदत वाढवून घ्यायला याच दारात ताटकळत होती. तरीही तिचा हात पेनाकडे गेला. त्या पेपरवर पहिलं नाव म्हणजे कायमची नोकरी. पेन उचलल्यावर तिने विचारलं, "पण सर, आजच का?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. उत्तर संचालकबाईंनी दिलं.

"परदेशातल्या एका गटाने त्या पेशी तपासल्या. त्या यकृताच्या नाहीतच. चौकशी बसतेय, आणि पहिल्या लेखकाला जाब द्यावा लागेल." मग सरांकडे रोखून पाहत त्या म्हणाल्या, "हे तुम्ही तिला सांगितलं असेल, असं मला वाटलं होतं."

"आणि औषध?" तिने विचारलं. "ते माणसांना दिलं का?"

"चाचणी सुरू होती. काल थांबवली."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. आपलं नाव, आपली नोकरी, सगळं एका क्षणात क्षुल्लक वाटलं. यकृत सडत चाललेली माणसं कुठेतरी आशेने ते औषध घेत होती, आणि हा माणूस इथे चहा पाजून सही मागत होता. तिने पेन टेबलावर आदळलं.

सरांचा आवाज बदलला. "सही नको करूस. पण पेशी तूच सांभाळायचीस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी बिचारा विश्वासावर राहिलो. त्या पेशींत काही गडबड आहे, असं मला कधी कुणी सांगितलंच नाही. चौकशीत मी हेच सांगणार."

"सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते छापलंयत. बाई, पेपरचं शेवटचं पान काढता का?"

बाईंनी चष्मा लावला. दोन हजारांवर पेपरांनी ज्याचा हवाला दिला, त्याच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, आभाराची एकच ओळ होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"'या पेशी यकृताच्या नसाव्यात, कृपा करून एकदा तपासून घ्या, असं आम्हाला पुन्हा पुन्हा विनवल्याबद्दल आमच्या सहकारी संशोधिकेचे आम्ही अत्यंत आभारी आहोत.'"