अमेरिकन गिलास

खामगावला कापूस घ्यायला आलेल्या अमेरिकन साहेबानं जाताना अमडापूरच्या शेषराव देशमुखांना दोन गिलास भेट दिले. साच्यात फुंकलेली जाड काच, अंगावर उठून आलेला द्राक्षांचा वेल. सरकी न्यायला युसूफभाई आले की शेषरावांच्या पत्नी पुष्पाबाई ओसरीच्या कोनाड्यातला एक गिलास काढून त्यांना पाणी देत.

शेषराव स्वतः पितळी पेल्यात पितात, आपल्याला मात्र अमेरिकेची काच, हे युसूफभाई घरी कौतुकानं सांगत.

ईदच्या दिवशी शेषरावांचा थोरला त्र्यंबक युसूफभाईंच्या घरी पोटभर जेवला. सांजेपर्यंत ते गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी युसूफभाई आले तेव्हा त्र्यंबक ओसरीवरच बसलेला होता. पुष्पाबाईंनी कोनाड्यातले दोन्ही गिलास काढून खाली ठेवले आणि हात न लागू देता वरून पाणी ओतलं.

"आजपासून हा तुया गिलास," पुष्पाबाई मुलाला म्हणाल्या आणि आत गेल्या. त्र्यंबकनं मान वर केली नाही.

 

युसूफभाई खुशीत म्हणाले, "घ्या त्र्यंबकराव. आज तुमालेबी माह्या बरोबरीचा मान भेटला."